व्यासंगी माणसाची स्वप्रतिष्ठा : द. रा. कापरेकर यांच्या जीवनकार्याचा विचार

१

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी गोसीखुर्द हे गाव आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी येथील धरणाची पायाभरणी झाली आणि तेव्हापासून हे नाव महाराष्ट्रभर धरणाच्या व विस्थापितांच्या प्रश्नाच्या संदर्भातच उच्चारले जाऊ लागले. तथापि या परिसराचा दुसराही एक परिचय आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो अधिक जुना वाटतो. याच परिसरात नदीकाठी पवनी हे प्राचीन नगर आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये तेथे संयुक्त उत्खनन केले. त्यात बौद्ध स्तूपाचे अवशेष, तसेच दात्यांचा उल्लेख करणारे ब्राह्मी लेख कोरलेले स्तंभ उजेडात आले. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी सिद्ध केलेला या उत्खननाचा वृत्तान्त १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या उत्खननाच्या कितीतरी आधी पवनीतील एका शिलालेखाचे वाचन वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केले होते. भार कुळातील भगदत्त नावाचा राजा त्या लेखामुळे इतिहासाला ज्ञात झाला. मिराशी हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातील संस्कृतचे अध्यापक. कोरीव लेखांचे वाचन हा त्यांच्या अध्यापनाचा नेमून दिलेला भाग नव्हता. दगडावरील झिजलेल्या अक्षराची एखादी वेलांटी खरी की भासमान, यावर दिवसच्या दिवस घालविणाऱ्या माणसाविषयी सामान्य व्यवहारी मनुष्याला एकच प्रश्न पडतो, आणि तो म्हणजे 'हे कशासाठी?'. मिराशींच्या बाबतीत या प्रश्नाला विद्वत्सभेने उत्तर दिले. 'एपिग्राफिया इंडिका'सारखे नियतकालिक, कलचुरी व वाकाटक यांच्या लेखांचे १९५५ आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेले बृहत् संग्रह, महामहोपाध्याय ही पदवी व पुढे पद्मभूषण, अशा रीतीने त्यांच्या व्यासंगाला संस्थांनी आपला शिक्का दिला.

परंतु ज्या व्यासंगाला असा शिक्का मिळत नाही, त्याचे काय? ज्याचा विषय विद्वानांनाही क्षुल्लक वाटतो, ज्याला पद नाही, शिष्य नाहीत आणि निधीही नाही, असा मनुष्य स्वतःविषयी निःशंक कसा राहतो? या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाच्या इतिहासात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. एका विषयात बुडून गेलेल्या माणसाला मराठीत अनेक नावे आहेत. 'व्यासंगी' हा शब्द आदराचा. 'छांदिष्ट' हा अर्ध्या कौतुकाचा आणि अर्ध्या उपहासाचा. 'नादी' म्हटले की घरच्यांची काळजी त्यात उमटते, आणि 'नादी लागणे' या प्रयोगात तर नाशाची सूचनाच आहे. 'वेडा' हा शब्द सर्वांत व्यापक. 'त्याला गणिताचे वेड आहे' या वाक्यात प्रशंसा आहे की निंदा आहे, हे बोलणाराच्या स्वरावरून ठरते. वृत्ती तीच असली, तरी तिचे मोल समाज फळावरून ठरवितो. ग्रंथ मान्यता पावला की मनुष्य व्यासंगी ठरतो, आणि तोवर तो छांदिष्टच असतो.

इंग्रजी भाषेतील 'गीक' या शब्दाचा इतिहासही उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील जत्रांमध्ये बीभत्स खेळ करून दाखविणाऱ्या माणसाला हे नाव असे. पुढे ते लोकव्यवहारात न रमणाऱ्या, एखाद्या तांत्रिक विषयात गुंतून पडलेल्या तरुणाला लावले जाऊ लागले. संगणकाचा प्रसार झाल्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, तेच नाव अशा तरुणांनी स्वतःहून व अभिमानाने धारण केले. उपहासाचा शब्द अभिमानाचा झाला. या परिवर्तनामागे त्या विषयाला आलेली बाजारातील किंमत होती, हे विसरता येत नाही. कापरेकरांच्या विषयाला अशी किंमत त्यांच्या हयातीत कधीच आली नाही. म्हणूनच त्यांच्या आत्मविश्वासाचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

३

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकुनाची नोकरी करीत आणि त्यांना फलज्योतिषाची आवड होती. ज्योतिषाला उच्च गणित लागत नाही, परंतु आकडेमोडीची सवय लागते, आणि ही सवय घरातूनच मुलाकडे आली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर १९२३ मध्ये कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाचे हे पारितोषिक त्या काळी मोठ्या प्रतिष्ठेचे होते. १९२९ मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

येथपर्यंतचा मार्ग एखाद्या भावी प्राध्यापकाचा वाटतो. परंतु पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० मध्ये नाशिकजवळील देवळाली येथे ते शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. बत्तीस वर्षे दिवसा शाळेतील अंकगणित आणि उरलेल्या वेळात संख्यांचे स्वतःचे गणित, असा त्यांचा क्रम होता.

ते संख्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहत, हे त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या कल्पनेच्या नामकरणावरून कळते. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांच्या कुळाला त्यांनी 'डेमलो संख्या' हे नाव दिले. डेमलो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे स्थानक, म्हणजे आजचे डोंबिवली. ही कल्पना १९२३ मध्ये तेथे सुचली, म्हणून संख्यांना स्थानकाचे नाव मिळाले. गणितातील संज्ञा ग्रीक-लॅटिन धातूंवरून अथवा थोर गणितज्ञांच्या नावांवरून पडाव्यात, या रूढीचे दडपण या नामकरणात मुळीच दिसत नाही.

४

कापरेकरांचे सर्वांत प्रसिद्ध संशोधन १९४६ मधील होय. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणार्थ, त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९५१० − ०१५९ = ९३५१, ९५३१ − १३५९ = ८१७२, ८७२१ − १२७८ = ७४४३, ७४४३ − ३४४७ = ३९९६, ९९६३ − ३६९९ = ६२६४, ६६४२ − २४६६ = ४१७६ आणि अखेर ७६४१ − १४६७ = ६१७४. पुढे कितीही वेळा क्रिया केली तरी ६१७४ हीच संख्या येत राहते. कोणत्याही संख्येला तेथे पोचण्यास सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. तीन अंकी संख्यांच्या बाबतीत हेच स्थान ४९५ या संख्येचे आहे.

यामागील कारण शालेय बीजगणिताने समजण्याजोगे आहे. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकीचे उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतके येते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा ० पासून पहिल्याइतका असू शकतो, म्हणून अशा जोड्या एकूण ५४ होतात. हजारो संख्यांचा प्रश्न एकाच पायरीत ५४ शक्यतांवर येतो आणि त्या सर्व हाताने तपासता येतात. ६१७४ चे अंक ७, ६, ४, १. त्यांतील फरक ६ व २, आणि ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४. ही संख्या स्वतःलाच जन्म देते, ती या कारणाने.

हा शोध कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यांचे लेखन येऊ लागले आणि ६१७४ या संख्येवरील त्यांचे टिपण तेथेच १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' हे नाव रूढ आहे.

त्यांची दुसरी महत्त्वाची कल्पना 'स्वयंभू संख्यां'ची. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या निर्माण होते. २३ मध्ये २ + ३ मिळविले की २८ येते, म्हणून २३ ही २८ ची जनक. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही निर्माण होते आणि १०० पासूनही. परंतु काही संख्यांना जनकच नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ व ९७ या शंभराच्या आतील तशा संख्या होत. कापरेकरांनी त्यांना 'स्वयंभू' म्हटले आणि १९५९ व १९६३ मध्ये त्यांच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केल्या. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हणजे हर्ष देणारी हे नाव दिले. १७२९ च्या अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९, म्हणून रामानुजनांच्या कथेतील ही संख्या हर्षदही ठरते. याखेरीज ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, अथवा २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७, अशा गुणधर्माच्या संख्या आता 'कापरेकर संख्या' या नावाने ओळखल्या जातात.

५

भारतातील व्यावसायिक गणितज्ञांनी या कामाला फारशी किंमत दिली नाही. कित्येकांनी ते हसण्यावारी नेले. या उपेक्षेला केवळ मत्सर अथवा दुष्टावा म्हणणे इतिहासदृष्ट्या अन्यायाचे होईल. तिच्यामागे एक विचारपूर्वक भूमिका होती, आणि तिचे स्पष्ट प्रतिपादन जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये केले होते. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पूर्ण पटीत आहेत (२१७८ × ४ आणि १०८९ × ९). १५३, ३७०, ३७१ व ४०७ या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या आहेत. अशी उदाहरणे देऊन हार्डी म्हणतात की वृत्तपत्रांतील कोड्यांना ती शोभतील, पण गणितज्ञाला त्यांत आकर्षक असे काही नाही. कारण ही विधाने पुढे कोणत्याही व्यापक सिद्धान्ताकडे नेत नाहीत.

हा आक्षेप कापरेकरांच्या कार्याला पुष्कळ अंशी लागू पडतो. अंकांवर आधारलेले गुणधर्म दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून असतात. लेखनाचा पाया बदलला की ते बदलतात. संख्येच्या स्वभावाविषयी ते जेवढे सांगतात, त्याहून अधिक ते लिहिण्याच्या रीतीविषयी सांगतात. शिवाय कापरेकरांचा भर निरीक्षणावर व उदाहरणांवर असे. सामान्य सिद्धान्त व त्यांच्या सिद्धता यांकडे त्यांचे तितके लक्ष नव्हते. हे मान्य केल्यावाचून त्यांचे यथार्थ मूल्यमापन होत नाही.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. १९७४ मध्ये बर्नार्दो रेकामान या कोलंबियातील गणितज्ञाने जनक नसलेल्या संख्यांचा प्रश्न एका अमेरिकन गणिती मासिकात स्वतंत्रपणे उपस्थित केला. त्यामुळे या संख्यांना 'कोलंबियन संख्या' असेही नाव पडले. देवळालीच्या शिक्षकाला जो प्रश्न विचारण्याजोगा वाटला, तोच पृथ्वीच्या दुसऱ्या अंगावरील अभ्यासकालाही वाटला. यावरून त्या प्रश्नाला व्यक्तिगत लहरीपलीकडचे काही अस्तित्व होते, हे उघड होते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांच्या संख्यांचा परिचय करून दिला आणि त्यांचे नाव जगभर पसरले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते.

६

यशाचा क्षण सत्तराव्या वर्षी आला, यापेक्षा तत्पूर्वीची पंचेचाळीस वर्षे कशी गेली, हा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मुख्य मुद्दा आहे. या काळात कापरेकर गणित परिषदांना स्वखर्चाने जात, आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेत, आणि बोलावणे आल्यास आसपासच्या महाविद्यालयांत व्याख्याने देत. दारुड्याला जसे त्या सुखावस्थेतून बाहेर येऊ नये असे वाटते, तशी संख्यांच्या बाबतीत आपली स्थिती आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्‌गार प्रसिद्ध आहेत. 'वेड' या शब्दाचा जो भाव लोक उपहासाने योजीत, तोच त्यांनी स्वतःच्या वर्णनासाठी निःसंकोच स्वीकारला. हा स्वीकार गार्डनर यांच्या लेखावर अवलंबून नव्हता.

या निःशंकतेची काही कारणे त्यांच्या जीवनक्रमातून दाखविता येतात. पहिले कारण उपजीविकेचे. त्यांचा चरितार्थ शाळेवर चालत होता, शोधांवर चालत नव्हता. शोध क्षुल्लक ठरला तर मान जाईल, पण नोकरी जाणार नव्हती. विद्यापीठातील संशोधकाला जे स्वातंत्र्य क्वचितच लाभते, ते या सामान्य नोकरीने त्यांना दिले. दुसरे कारण विषयाच्या स्वरूपात आहे. शिलालेखाचे वाचन मान्य होण्यास दुसरा तज्ज्ञ लागतो. मिराशींसारख्या विद्वानालाही आपले वाचन पंडितांच्या सभेपुढे ठेवावे लागते, आणि मतभेद झाला तर निर्णय कित्येक वर्षे लांबतो. ६१७४ पडताळून पाहण्यास पाटी व पेन्सिल पुरते. पाचवीतील मुलाने वजाबाकी केली तरी उत्तर तेच येते. ज्याचे सत्य प्रत्येक घटकेला आपल्या हातांनी तपासता येते, त्याला दुसऱ्याच्या मान्यतेची निकड कमी भासणे स्वाभाविक आहे.

तिसरे कारण नामकरणाचे. डेमलो, स्वयंभू, हर्षद ही नावे देताना कापरेकरांनी आपल्या अभ्यासक्षेत्राला आपली भाषा दिली. एक नाव रेल्वेच्या प्रवासातून आले, एक देवळांच्या परंपरेतून, तर एक आनंदाच्या अनुभवातून. कोकणातील अथवा देशावरील खेडुताला 'स्वयंभू' हा शब्द देवस्थानाच्या माहात्म्यातून परिचित असतो. कोणी घडविला नाही, आपोआप प्रकट झाला, असा तो देव. परक्या विद्यापीठांच्या दारात आपल्या कामासाठी नाव मागण्याची गरज या गणितज्ञाला वाटली नाही.

चौथे कारण साधनांचे. १९३२ मध्ये सुरू झालेले 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' हे नियतकालिक मनोरंजक गणितालाही आपल्या पानांत जागा देई. देशातील परिषदेत जो श्रोता मिळाला नाही, तो टपालाने परदेशात मिळाला. एकाकी व्यासंगी मनुष्य सर्वस्वी एकाकी क्वचितच असतो. त्याचा समाज दूर विखुरलेला असतो, आणि पत्रे व लहान नियतकालिके यांनी तो जोडला जातो.

७

तथापि या स्वप्रतिष्ठेची किंमतही नोंदविणे आवश्यक आहे. १९६६ मध्ये कापरेकरांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते, म्हणून वृद्धापकाळी त्यांना गणित व विज्ञान यांच्या शिकवण्या कराव्या लागल्या. पुस्तिका स्वखर्चाने छापणाऱ्या शिक्षकाच्या घरात त्या खर्चाची जागा कोणत्या गरजा कमी करून झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. शिवाय सहाध्यायी व समीक्षक यांचा निकट सहवास लाभला असता, तर निरीक्षणांना सिद्धतेची जोड अधिक मिळाली असती, असे मानण्यास जागा आहे. आत्मविश्वासामुळे ते उपहासातही टिकून राहिले, परंतु संस्थेने जी शिस्त व जे सहकार्य द्यावयाचे, त्याची उणीव त्या आत्मविश्वासाने भरून निघाली नाही. १९८६ मध्ये देवळाली येथे ते निवर्तले.

मिराशी आणि कापरेकर यांची तुलना येथे उपयुक्त ठरते. दोघांचीही वृत्ती एकच : लहानशा चिन्हापुढे दीर्घकाळ बसण्याची. एकाच्या चिन्हाने राजा सापडला, दुसऱ्याच्या चिन्हाने केवळ संख्या सापडली. म्हणून एकाला समाजाने व्यासंगी म्हटले आणि दुसऱ्याला बराच काळ छांदिष्ट. परंतु पवनीचा दगड वाचावयास बसताना त्यातून राजाच निघेल, हे मिराशींनाही ठाऊक असणे शक्य नव्हते. फळ हाती येण्यापूर्वीचा जो काळ, त्यात व्यासंगी व छांदिष्ट यांच्यात काहीच भेद नसतो. विद्येच्या इतिहासात फळानंतरच्या काळाचीच नोंद सामान्यतः होते, आणि त्यामुळे ही समानता दृष्टीआड राहते.

आज संगणकाचे प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ६१७४ ची क्रिया सरावासाठी दिली जाते. ती ज्याच्या नावाने ओळखली जाते तो मराठी शाळामास्तर होता, हे त्यांतील अनेकांना माहीत नसते. संशोधकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कापरेकरांचे नाव टिकले ते त्यांनी छापलेल्या लहान पुस्तिकांमुळे व दूरच्या मासिकांतील टिपणांमुळे. ज्या शिक्षकांनी, तलाठ्यांनी वा वनखात्यातील नोकरांनी असेच काही टिपून ठेवले आणि छापले नाही, त्यांच्या वह्या घरोघरच्या पेट्यांत पडून असणे संभवनीय आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात धरणाच्या पाण्यासाठी गावे उठली, तेव्हा घरातील सामानाबरोबर असे कागद कोठे गेले, याची चौकशी आजवरच्या अभ्यासाचा विषय झालेली नाही. स्थानिक इतिहासाच्या साधनांची यादी करताना सनदा, कैफियती व शिलालेख यांच्याबरोबरच या वह्यांनाही जागा देण्यास हरकत नसावी. त्यांतील किती मजकूर मोलाचा निघेल, हे त्या वाचल्यानंतरच ठरेल.